तेरच्या करडांचा आकडा

६ जानेवारी, सोमवार

वेळ अमावस्येला शेतात आंबील जरा जास्तच प्यायले, त्याचा खोकला अजून आहे. तरी आज नवी वही उघडली, कारण आजपासून मी पुन्हा कामाला लागले.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. त्याआधी एकतीस वर्षं कृषी विद्यालयाच्या कार्यालयात होते, शेवटची सहा वर्षं अधीक्षक. बैठका लावणं, पत्रं काढणं, इतिवृत्त लिहिणं, आयुष्यभर हेच केलं. आता एका संस्थेनं उस्मानाबादी शेळीसाठी तांत्रिक कार्यगट नेमलाय आणि मला त्याची सचिव केलंय. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. मला ते बरं वाटतं. आई-बाबांची मला आलेली सगळी पत्रं उस्मानाबादहून आलेली आहेत.

काम असं, की या जातीची मूळ नोंदवही तयार करायची. कोणते कळप अस्सल ते कार्यगट ठरवणार. वहीत येतील त्याच कळपांतले बोकड पुढं पैदाशीला निवडले जाणार, बाकीचे सगळे कागदोपत्री 'गावठी'. फेब्रुवारीअखेर निर्णय हवा.

अध्यक्ष डॉ. अमरनाथ पुण्याला असतात, शेळ्यांच्या अभ्यासात त्यांनी जन्म घालवलाय. वाशीच्या पशुवैद्य डॉ. राजनंदिनी आहेत. मुरूमचे मल्लेश आहेत, त्यांचा शेळ्यांचा मोठा फार्म आहे. आणि तेरच्या शेळीवाल्यांच्या वतीनं धुळाप्पा, सत्तरीच्या पुढचे. पाचवी मी, पण मला मत नाही.

दुपारी कामकाजाचे नियम टाईप केले. विषयपत्रिका सात दिवस आधी. इतिवृत्त चार दिवसांत. त्यावर दहा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर ते सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा. डॉ. अमरनाथ फोनवर म्हणाले, "राजेश्वरीबाई, हा नियम आमच्या पुण्यातल्या समित्यांना असता तर माझे दहा केस काळे राहिले असते."

सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा वादविवाद मंडळाचं इतिवृत्त माझ्याकडून लिहून घ्यायच्या. जे बोललं गेलं तेवढंच लिहायचं, म्हणायच्या. मनातलं देवाला ऐकू येतं, तुला नाही. त्यांच्या कडक इस्त्रीच्या बाह्यांना खडूचा वास यायचा.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक, ऑनलाइन. वेळ अकराची, सुरू झाली अकरा-वीसला.

धुळाप्पा सुनेच्या फोनवरून आले. पहिली दहा मिनिटं आम्हांला पत्र्याचं छप्पर आणि त्यांचा एक कान दिसत होता.

"मामा, फोन जरा लांब धरा," मी म्हटलं.

"लांब धरला तर तुमचं ऐकू कसं येईल?"

मागून सुनेचा आवाज आला, "मामंजी, कानाला लावायचं न्हाय ओ, तोंडाम्होरं धरायचं."

तिचं नाव दैवशाला. तेवढ्यात एक शेळी जोरात ओरडली. डॉ. अमरनाथ म्हणाले, "या बाईंचं मत नोंदवून घ्या, मूळ विषय त्यांचाच आहे." सगळे हसले आणि मग काम नीट चाललं.

निकष ठरला. ही शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली. म्हणून ज्या गावच्या कळपांत गेल्या वर्षभरातल्या दर दहा वेतांमागं निदान चार वेतं जुळ्यांची, ते कळप वहीत. रंग, कान, शिंगं नंतर बघायची. मल्लेश लगेच म्हणाले, "माझ्याकडं सगळं लिहिलेलं आहे, प्रत्येकीच्या कानात बिल्ला आहे. आत्ता वाचू का?" तेरच्या कळपांची वही नाही, म्हणून तिथं प्रत्यक्ष बैठक घेऊन आकडे गोळा करायचं ठरलं.

धुळाप्पा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मी विचारलं, "मामा, ठीक आहे ना?" ते म्हणाले, "तुमी म्हनता तर या की. गावात येणाऱ्याला आमी कवा नको म्हनलंय?"

१२ जानेवारी, रविवार

सोनालीचा बंगळूरहून फोन. बातमी आहे. इथं लिहीत नाही, आणखी दोन महिने जाऊ देत. लग्नाला सहा वर्षं झाली तिच्या.

संक्रांतीला का येत नाही म्हणून वरच्या मजल्यावरच्या कस्तुराबाईंनी विचारलं. ऑफिसचं काम वाढलंय म्हणून सांगितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

तेरला ग्रामपंचायतीच्या सभागृहात बैठक. साडेसातच्या गाडीनं गेले, सोबत प्रोजेक्टर, वायरीचं भेंडोळं, हजेरीपट, शाईचं पॅड. खुर्च्या मीच गोल मांडल्या. समोरासमोर रांगा मांडल्या की माणसं भांडतात, हा माझा अनुभव. चौदा शेळीवाले आले. डॉ. राजनंदिनी आल्या, मल्लेश मुरूमहून गाडी घेऊन आले. डॉ. अमरनाथ पुण्याहून भिंतीवर.

मी तक्ता करून नेला होता. नाव, वेतं, करडं. एकेकानं उभं राहून सांगायचं, मी लगेच भरायचं, सगळ्यांना भिंतीवर दिसेल. यापेक्षा उघड आणि स्वच्छ पद्धत मला माहीत नाही.

पहिले धुळाप्पा उठले. टोपी काढून पुन्हा घातली.

"व्याल्यात सात-आठ."

"सात लिहू की आठ?"

"ल्ह्या काय बी. आठ."

"करडं किती?"

ते भिंतीवरच्या डॉ. अमरनाथांकडं बघत राहिले. "तेवढीच की. आठ."

पुढच्यांनीही तसंच. सहा वेतं, सहा करडं. नऊ वेतं, नऊ करडं. एकजण म्हणाला, "हाय थोडंफार." मी त्याला प्रेमानं सांगितलं की 'थोडंफार' तक्त्यात बसत नाही. तो म्हणाला, "मग पाच टाका." डॉ. राजनंदिनी दोनदा काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. शेवटी मल्लेशनी उभं राहून आपल्या वहीतले आकडे खणखणीत वाचले, एकशे बारा वेतं, त्यांत एक्कावन्न जुळी. बाकीचे जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, त्यांना लाज वाटली असेल.

तेरची बेरीज शहाण्णव वेतं, एकशे तीन करडं. म्हणजे जुळी जवळजवळ नाहीतच.

जेवण धुळाप्पांच्या घरी. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी. हात धुवायला मागं गेले तर परसात सहा-सात डालगी, बांबूच्या मोठ्या टोपल्या, उपडी ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या फटींतून ओली काळी नाकं बाहेर. काय तो गोंगाट! एकेका डालग्यातून तीन-चार आवाज. दैवशाला धावत आली आणि तिनं डालग्यांवर पोतं टाकलं. "ऊन लागतंय त्येन्ला," म्हणाली. थंडीतलं कोवळं ऊन होतं, पण तिचा जीव किती बघा. आठच करडं असताना एवढी डालगी कशाला, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. शेजाऱ्यांचीही तीच सांभाळत असावी.

तिनं मला विचारलं, "तुमाला लेकरं किती, मॅडम?"

"एकच मुलगी. बंगळूरला असते."

"तिला काय हाय?"

"अजून काही नाही," मी म्हटलं.

२० जानेवारी, सोमवार

इतिवृत्त चौथ्या दिवशी गेलं. साडेतीन पानं, एकही खाडाखोड नाही. सगळ्यांना मोबाईलवर पाठवलं. धुळाप्पांना छापील प्रतही पोस्टानं.

रात्रीच्या जेवणाआधी डॉ. राजनंदिनींचा फोन. "मॅडम, तेरचे आकडे मला पटत नाहीत. धुळाप्पामामांच्याच एका शेळीची दोन करडं मी स्वतः काढलीत. अडली होती ती."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"त्यांच्यासमोर? त्यांच्याच माणसांत? ते आठ म्हणाले, मी नऊ म्हणू?"

"लेखी हरकत द्या. दहा दिवस आहेत."

"मी हरकत दिली तर मामा खोटं बोलले असं होईल ना, मॅडम. उद्या त्यांच्या गोठ्यात मला कोण पाय ठेवू देईल?"

मला त्यांचं वाईट वाटलं. पण नियमाला वाईट वाटून चालत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुदत काल संपली. कोणाची हरकत नाही. इतिवृत्त अंतिम.

या नियमाचं मला इतकं कौतुक होतं, आणि आज 'अंतिम' असं लिहिताना बरं वाटलं नाही. का ते सांगता येत नाही. खोकला पुन्हा सुरू झालाय, त्यानंही असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी ऑनलाइन बैठक. डॉ. अमरनाथांनी मसुदा वाचला. मुरूमचे कळप वहीत. तेरचे चौदा कळप बाहेर. त्यांचं म्हणणं, तेरकडच्या शेळ्यांत बाहेरचं रक्त मिसळलं असावं, नाहीतर जुळी इतकी कमी होणार नाहीत. "मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी याच गावात मी या जातीच्या सगळ्यांत देखण्या शेळ्या पाहिल्यात."

धुळाप्पांच्या चौकटीत नुसती जमीन दिसत होती. फोन त्यांच्या हातात खाली लोंबत होता.

मल्लेश म्हणाले, "काय हो मामा, आठ शेळ्यांना आठच? आमची मांजर सुद्धा ऐकून हसायली."

आणि एकदम दैवशालाचा आवाज आला. "आमच्या शेळ्या गावठी व्हय? माझ्या सासूनं माहेरातनं आणलेल्या एका पाटीपासनं, एका मादी करडापासनं वाढल्यात सगळ्या. चाळीस वर्सं झाली. तुमी बाजारातनं इकत आणून कानात बिल्लं मारलं म्हंजी त्या अस्सल, आन् आमच्या गावठी?"

"दैवशाला," धुळाप्पा एवढंच म्हणाले. चौकट काळी झाली.

मल्लेशना नंतर ओशाळल्यासारखं झालं. "मी चेष्टा केली हो," म्हणाले. अंतिम निर्णय २२ तारखेच्या बैठकीत. दैवशाला सभासद नाही, त्यामुळं तिचं बोलणं इतिवृत्तात घ्यावं की नाही यावर मी तासभर घालवला. घेतलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मसुदा मिळाल्याची पोच म्हणून धुळाप्पांची सही हवी होती. पोस्टानं मागवता आली असती, पण गेले.

धुळाप्पा रानात होते. दैवशालानं चहा ठेवला, माझ्यासमोर बसली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, तुमच्या तक्त्यातली एक बी वळ खरी न्हाय."

मी कप खाली ठेवला.

"करडाचा आकडा चारचौघांत कोन सांगतंय? हितं कुनीच सांगत न्हाय. शेजारनीला बी न्हाय. इचारलं तर म्हनायचं, हाय थोडंफार. तुमी तर भिंतीवर ल्हिवायला लागलात."

मी चिडले. लिहूनच ठेवते, चिडले. म्हटलं, नजरबिजर काही नसतं, अगं तुझ्या हातात मोबाईल आहे, शेळ्यांना तू लस टोचून घेतेस, आणि या असल्या समजुतीपायी चाळीस वर्षांचा कळप गावठी ठरवून घेणार?

ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय सगळं. मामंजींचं येगळं हाय." मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी एक साहेब आले होते. धुळाप्पांनी हौसेनं सगळी करडं डालग्यांतून काढली, एकेकावर बोट ठेवून मोजून दाखवली. साहेबांनी पाठ थोपटली. आठ दिवसांत रोग आला आणि पाच सोडून सगळी गेली. सासू त्यानंतर वर्षभर गोठ्यात गेली नाही.

"रोगच होता तो," मी म्हटलं.

"रोगच व्हता. त्येन्ला बी ठावं हाय. पर मोजली व्हती त्येन्नी."

निघताना तिनं विचारलं, "आन् तुमच्या लेकीचं? काय हाय का न्हाय?"

"सध्या तरी नाही गं," मी म्हटलं आणि गाडीत बसले.

घरी आले. वहीत काही बघायचं होतं म्हणून मागची पानं चाळली. १२ जानेवारीचं पान चारच ओळींचं आहे. ते बराच वेळ उघडं ठेवून बसले.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉ. अमरनाथांना पत्र पाठवलं आणि मागोमाग फोन केला. पत्रात लिहिलं की १६ जानेवारीच्या बैठकीतले तेरचे आकडे ग्राह्य धरू नयेत, कारण ते ज्या पद्धतीनं विचारले ती पद्धत चुकीची होती आणि ती सचिवांनी ठरवली होती. एकतीस वर्षांत असं पत्र मी लिहिलेलं नाही.

ते रागावले. "राजेश्वरीबाई, दहा दिवसांचा नियम तुमचा. इतिवृत्त तुमचं. आता तुम्हीच म्हणता ते चूक?"

"हो."

"लोक सभेत खोटं बोलले तर तो त्यांचा दोष, तुमचा नाही."

"त्यांना जे बोलता येत नाही तेच मी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, सर. दोष विचारणारीचाही आहे."

पलीकडं पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "एक संधी देतो. पण सांगोवांगी नको. तेरचे चौदाच्या चौदा कळप मला माझ्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत. एक जरी राहिला तरी जुना तक्ता कायम. आणि मल्लेशना सगळं कळवा, नाहीतर ते हरकत घेतील आणि ती बरोबर असेल."

मल्लेशना कळवलं. ते म्हणाले, "मला काय, बघू की. पण एक कळप तरी थेट दाखवा. जुनं चित्रण मी मानणार नाही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तेरला दैवशालाच्या अंगणात आम्ही तिघी बसलो. दाखवायचं कसं, हा प्रश्न. डॉ. राजनंदिनींनी करडांच्या पाठीवर रंगाचे ठिपके सुचवले. दैवशालानं मान हलवली. ठिपका लावला म्हणजे मोजल्यासारखंच झालं.

मग तीच म्हणाली, "सांजच्याला शेळ्या रानातनं येत्यात तवा आमी डालगी उचलतो. करडू आपल्या आयलाच जातंय, दुसरीला त्ये तोंड लावत न्हाय. कुनाखाली एक, कुनाखाली दोन, हुभं राहून दिसतंय. बघा की. बघायला कोन नको म्हनतंय? तोंडानं म्हनायचं न्हाय, बास."

इतकं सोपं. मला हसू आलं आणि रडूही.

विषयपत्रिका तिथंच लिहिली. विषय एकच, पाहणी. सर्वांचे माइक बंद. शेळीवाल्यांसमोर कोणीही आकडा उच्चारणार नाही, बोट दाखवणार नाही. तेरा घरी डॉ. राजनंदिनी रोज संध्याकाळी चित्रण करून फक्त अध्यक्षांना पाठवणार. चौदावा कळप धुळाप्पांचा, तो २२ तारखेला थेट.

धुळाप्पांनी ऐकून घेतलं. "आधी बाकीच्यांचं हू द्या. माझं मी बघंन."

१९ फेब्रुवारी, बुधवार

तेरा घरं झाली. नेटवर्क फक्त मारुतीच्या पारापाशी नीट मिळतं, तिथून फाइल चढवायला डॉ. राजनंदिनी रोज अर्धा तास उभ्या असतात. कुत्री ओळखीची झालीत म्हणाल्या. डॉ. अमरनाथ काहीच कळवत नाहीत. धुळाप्पांचा होकार अजून नाही. त्यांच्यावाचून तेराही वाया.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दैवशालाचा फोन, "मामंजी नको म्हनायलेत. तुमी या."

धुळाप्पा बाभळीखाली पाला तोडत होते. मी बाजूच्या दगडावर बसले. वाटेत गाडीत बरंच जुळवून ठेवलं होतं, वहीत आल्यानं काय काय होईल, दैवशालाच्या कष्टाचं काय, गावाचं नाव. त्यातलं काही बोलले नाही. तिथं बसल्यावर ते सगळं सभेतल्या भाषणासारखं वाटायला लागलं.

"रागावलाव व्हय मॅडम?" त्यांनीच विचारलं.

"नाही मामा. माझंच चुकलं. मी तुम्हांला चारचौघांत उभं केलं."

"तुमी तरी काय करनार. कागदाला भूक लागलेली असती."

शेळ्या पाला ओढत होत्या. मी म्हटलं, "मामा, माझ्या मुलीची एक गोष्ट आहे. कोणाला सांगितलेली नाही. शेजारी विचारतात, दैवशालानं विचारलं, मी दरवेळी नाही म्हणते. शिकलेली आहे मी. पण तोंडातून निघत नाही. तुम्हांला सांगते..."

"आं हां," धुळाप्पांनी हातातली कोयती आडवी धरली. "माझ्याम्होरं बी बोलू नगा."

मी थांबले. ते माझ्याकडं बघत होते आणि हळूहळू त्यांच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या.

"कवा हाय म्हनलात ते तुमचं? उद्या सांजच्याला?"

"पावणेसहाला."

"शेळ्या सहाला येत्यात. तुमच्या घड्याळासाठी त्या पळत न्हाय यायच्या."

"सहाला ठेवते," मी म्हटलं. सात दिवस आधी पाठवलेल्या विषयपत्रिकेतली वेळ मी आयुष्यात पहिल्यांदा बदलली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी व अंतिम बैठक. तेर, धुळाप्पा यांचे परस, तसेच ऑनलाइन. सहा वाजता.

मी लॅपटॉप तुळशीजवळच्या स्टुलावर ठेवला. पारापासून घरापर्यंत नेटवर्क यावं म्हणून डॉ. राजनंदिनींनी एक फोन घराच्या छपरावर बादलीत ठेवला होता. का ते मी विचारलं नाही, चाललं. दुसरा फोन त्यांच्या हातात. पडद्यावर पुण्याला डॉ. अमरनाथ, समोर वही, हातात पेन. मुरूमला मल्लेश. मी सगळ्यांचे माइक बंद केले.

शेळ्या आल्या. आधी घंटीचा आवाज, मग धूळ, मग त्या. दैवशालानं पहिलं डालगं उचललं.

पुढची पंचवीस मिनिटं कोणी एक शब्द बोललं नाही. करडं सुटली तशी परसात नुसती उसळी. धडपडत, एकमेकांवर चढत, चुकीच्या शेळीपाशी जाऊन लाथ खाऊन परत फिरत, शेवटी प्रत्येक आपल्या आईखाली. शेपट्या थरथरत होत्या. एका शेळीखाली दोन. पलीकडं दोन. एकीखाली एक. मीही मोजत नव्हते. खरंच नव्हते, बघत होते. धुळाप्पा दाराशी पाठ करून उभे होते, एकदाही वळले नाहीत. डॉ. राजनंदिनी फोन धरून एकेका शेळीपाशी वाकत होत्या.

शेवटचं डालगं कोपऱ्यातलं. त्यातलं काय ते एका बांड्या, काळ्या-पांढऱ्या शेळीकडं गेलं, तिच्या दोन्ही सडांना दोन लागली आणि तिसरं मागच्या पायांतून डोकं घालायला लागलं. दोन बोकड, एक पाट. पडद्यावर डॉ. अमरनाथ खुर्चीतून उठून उभे राहिले. मल्लेशनी फोन इतका जवळ घेतला की त्यांचा नुसता डोळा दिसत होता.

दिवस कलला तेव्हा शेळ्या बसल्या. डॉ. अमरनाथांनी वहीत रेघ मारली, बेरीज केली, पुन्हा केली. मग त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी स्वतःचा माइक सुरू केला आणि म्हणाले, "मित्रहो, मला सांगायला आनंद होतो की एकूण..."

मी त्यांचा माइक बंद केला.

अध्यक्षांचा माइक. बटण दाबून झालं होतं. डॉ. अमरनाथांचे ओठ आणखी दोन-तीन शब्द हलले, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मान डोलावली. थोड्या वेळानं पडद्यावर त्यांचे शब्द उमटले. तेरचे चौदाही कळप पात्र. मूळ नोंदवहीत घ्यावेत. खाली मल्लेशचे, अनुमोदन.

"काय म्हनले?" धुळाप्पा अजून पाठमोरे होते.

"वहीत घेतलं, मामा. सगळ्यांना."

"आन् दुसरं काय?"

"दुसरं काही नाही म्हणाले."

ते वळले. दैवशाला पदरानं तोंड पुसत होती, धुळीनंच असेल. मी तिला म्हटलं, कळपाच्या नावापुढं सांभाळणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, काय लिहू? तिनं सासऱ्यांकडं बघितलं. धुळाप्पा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस, तुला सही येती का न्हाय?"

इतिवृत्त आजच लिहिलं, गाडीतच. विषय क्रमांक एक, पाहणी. सर्व सभासद उपस्थित. चर्चा झाली नाही. ठराव एकमतानं मंजूर. आकडे अध्यक्षांच्या वहीत आहेत, इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

निघताना मात्र एक राहिलं होतं. मल्लेशचा मला वेगळा निरोप आला होता, त्या बांड्या शेळीचा बोकड मोठा झाल्यावर आमच्या फार्मसाठी देतील का, मामांना विचारा, आणि तिला बोकड किती आहेत तेही विचारा. मी विचारलं. बांडी शेळी आमच्यासमोरच बसली होती आणि दोन्ही बोकड तिच्या पाठीवर चढून एकमेकांना टकरा देत होते.

धुळाप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एकच हाय बघा," ते म्हणाले.

मी मल्लेशना कळवलं, एक आहे.